झाडाचं रेशीम

माझ्या लग्नातला शालू आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन बोटांत धरून उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ठेवून दे ट्रंकेत. ह्या घरात रेशीम नेसायचं न्हाई."

लग्न होऊन मला पुरता आठवडाही झाला नव्हता. देवळात नेसून जायला म्हणून मी तो बाहेर काढून बसले होते. "का हो, आत्याबाई?"

"एका लुगड्यापायी किती किडे उकळत्यात, ठाऊक हाय का तुला? जिवंत. कोसल्यात झोपलेले असत्यात बिचारे. कालिजात शिकलीस न्हवं? मग एवढं शिकवलं न्हाई व्हय?"

शिकवलं होतं. पण लग्नाच्या गडबडीत शालू घेताना कुणाचा विचार उकळत्या पाण्यापर्यंत जात नाही. माझ्या माहेरी आम्हीही जैनच, कांदा-लसूण न खाणारे, रात्री न जेवणारे. पण रेशमाच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. आत्याबाई मात्र पक्क्या. तरुणपणी कधीतरी महाराजांच्या प्रवचनात कोसल्यांबद्दल ऐकलं आणि घरी येऊन अंगावरची रेशमी चोळीसुद्धा सोडली. कोथळगावात त्यांना सगळे पद्माक्का म्हणत. पद्माक्का म्हणजे नियम, अशी त्यांची ख्याती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या आणि फडक्यावर राहिलेले जीव परत विहिरीत सोडून यायच्या. त्यांच्या पुढ्यात झुरळसुद्धा निर्धास्त असे.

मी नवी होते, पण गप्प बसायची सवय मला माहेरून मिळाली नव्हती. "आत्याबाई, आमच्या कारखान्यात किड्याशिवाय रेशीम होतं," मी म्हटलं.

"किड्याशिवाय? मग कशाचं करत्यात?"

"झाडाचं."

त्या मोठ्यानं हसल्या. "मला खुळी समजतीस व्हय गं?"

गावाबाहेर नदीच्या काठी कृत्रिम रेशमाचा कारखाना होता. माझा नवरा भरतेश तिथं भांडारात होता, आणि मी केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालेली म्हणून मलाही तिथल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. गावातली अर्धी पोरं तिथं कामाला. पण त्या भिंतीच्या आत नक्की काय होतं, हे त्यांच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं. कामावरून आलेल्या माणसाच्या अंगाला सडक्या कोबीचा वास येतो, एवढीच त्यांची माहिती.

आत्याबाईंना मी ते सगळं सांगितलं ते स्वयंपाकघरात. त्या दिवशी त्या शेव करत होत्या. मांडीत सोऱ्या, पुढ्यात तेलाची कढई.

"लाकडाचा लगदा येतो बघा, जाड पुठ्ठ्यासारखा. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचा. हा सोडा मिठापासून काढतात. मग तो पिळून त्याचा भुगा करायचा. त्या भुग्यावर एक औषध सोडतात. कोळसा आणि गंधक भट्टीत एकत्र तापवून ते केलेलं असतं. त्यानं भुगा नारिंगी होतो."

"केशर टाकल्यागत?"

"तसाच. मग तो परत सोड्याच्या पाण्यात विरघळवला की मधासारखा पाक होतो. तो मुरत ठेवायचा. माझं काम तिथलं. किती मुरला ते बघायचं. कमी मुरला तर धागा धरत नाही, जास्त मुरला तर सगळा पाक गोठून बसतो."

"म्हंजे दह्याचंच की गं. लक्ष न्हाई दिलं तर आंबतंय." त्यांना आता गोडी लागली होती. "आणि मग धागा?"

मी सोऱ्याकडे बोट केलं. "हे असंच. एक छोटी चकती असते, तिला केसाहून बारीक भोकं. त्यातून पाक दाबायचा. खाली तेलाच्या जागी आम्लाचं पाणी. त्यात पडता पडता पाकाचा धागा होतो. सोडा जातो, ते औषध निघून जातं, आणि लाकडात मुळात जे होतं तेवढंच शिल्लक राहतं. फक्त लांब आणि चमकदार होऊन."

सोऱ्या तसाच धरून त्या बसून राहिल्या. कढईतली शेव लाल होऊन गेली तरी त्यांना भान नव्हतं.

"झाड मरून परत झाडच झालं म्हण की," त्या म्हणाल्या. "झाड, मीठ, कोळसा, गंधक. ह्यात कुणाचा जीव गेला सांग? झाडाचा गेला असंल, पण तो तर आपण चुलीतबी घालतोच की."

पहिल्या पगारात मी त्यांना एक साडी आणली, आमच्याच धाग्याची, इचलकरंजीला विणलेली. पांढरी, केशरी काठाची. त्यांनी ती गालाला लावली. तरुणपणी सोडलेलं रेशीम इतक्या वर्षांनी परत त्यांच्या हातात आलं होतं, आणि ह्या वेळी त्याच्यामागं काही पाप नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. त्या क्षणी मला माझ्या शिक्षणाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पदवी घेतानाही वाटला नव्हता.

पुढं तर त्यांनी देवळातल्या बायकांना एकेक करून बाटवलंच. हा भरतेशचा शब्द. "आईला कारखान्यानं पगार चालू करावा," तो म्हणायचा. ओली झाली की ही साडी दुबळी होते, पिळायची नाही, आपटायची नाही, हे त्या नव्या बायकांना असं समजावून सांगत, जसं काही बाळंतिणीला बाळाबद्दल सांगावं.

आमच्या भिंतीला भिंत लागून गणपा लोहाराचं घर. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि तो आत्याबाईंच्या हातचं खाऊन वाढला. आमच्या घरात त्याला परकं कुणी मानत नव्हतं. तो हातोडा धरायला लागला तोवर गावातलं लोहारकाम बसत चाललं होतं. तेव्हा आत्याबाईंनीच भरतेशच्या मागं टुमणं लावलं होतं, "माझ्या गणपाला कारखान्यात चिकटव की." माझ्या लग्नाच्या आधीच तो तिथं लागला होता, कताईखात्यात. पाकाचा धागा होतो ती जागा.

मी आले तेव्हा गणपा हसरा होता. "वहिनी, तुम्ही पाक बिघडवला की माझा धागा तुटतोय बघा," म्हणून माझी थट्टा करायचा. वर्ष उलटलं, दुसरंही सरत आलं, तसा तो बदलत गेला. आधी डोळे. कामावरून आला की डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून ओट्यावर पडून राहायचा. मग राग. कधी बायकोवर आवाज न चढवणारा माणूस, ताट भिरकावून द्यायला लागला. झोपेत ओरडायचा. त्याची बायको इंदू आमच्याकडे येऊन रडायची. "भायेरचं काय तरी लागलंय ओ आक्का." तिनं देवऋष्याकडून उतारा करून आणला. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, दारू सोड. गणपानं आयुष्यात दारू तोंडाला लावली नव्हती.

मला संशय होता. कॉलेजच्या पुस्तकात त्या कोळसा-गंधकाच्या औषधाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, वाफेनं मज्जातंतू मरतात म्हणून. तुटलेला धागा जोडायला कताईवाल्याला काचेची झडप वर करून आत डोकं घालावं लागे, आणि आम्लात पडलेल्या पाकातून ती वाफ तिथंच निघे. मी खातेप्रमुखांना विचारलं, वाफ ओढून घेणारे पंखे बंद का असतात. ते म्हणाले, "वाऱ्यानं धागा हलतो. बाई, तुम्ही तुमचा पाक बघा." भरतेशला सांगितलं तर तो म्हणाला, "आपण दोघंही तिथंच खातो, त्रिशला." ते खरं होतं.

त्या वर्षी आमच्या गावात दिगंबर मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. आमच्यात महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, हातांच्या ओंजळीत. सकाळी ते वस्तीतून निघतात. मनात काहीतरी नेम धरलेला असतो आणि तो कुणाला सांगत नाहीत. ज्या दारात तो नेम जुळेल तिथं थांबतात. मग घरातल्यांनी त्यांना तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि मोठ्यानं सांगायचं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे, घरात प्रवेश करावा. हे ऐकल्यावरच महाराज उंबरा ओलांडतात.

आत्याबाईंच्या दारात महाराज आजवर थांबले नव्हते. दोनदा अगदी समोरून पुढं गेले होते. आपल्या हातून आहार झाला नाही तर जन्म फुकट, असं त्या उघड बोलायच्या. ह्या वेळी त्यांनी ठरवलं होतं, झाडाच्या रेशमाची साडी नेसून उभं राहायचं. "इतकं निर्दोष वस्त्र कुणाच्या अंगावर हाय गावात?" त्या म्हणत. "महाराजांना कळणारच की ते."

ज्या दिवशी आमच्या घरी आहाराची तयारी होती, त्याच्या आदल्या दुपारी आत्याबाई जात्यावर गहू दळत होत्या. मी डाळ निवडत होते. भरतेशला सुट्टी होती, तो दारात बसून विहिरीचा दोर तपासत होता. गणपा आला आणि चुलीजवळ भिंतीला टेकून बसला. त्याला त्या दिवशी बरं वाटत होतं. लहानपणच्या कसल्यातरी खोडीबद्दल तो सांगत होता आणि आत्याबाई दळता दळता हसत होत्या.

चुलीवर घरच्या चहासाठी दूध ठेवलेलं, ते वर यायला लागलं.

"आक्का, दूध चाललं!" म्हणत गणपा उठला. त्यानं ते पातेलं दोन्ही हातांनी धरून उचललं. उघड्या हातांनी. उचललं, दोन पावलं चालला, सावकाश खाली ठेवलं आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढं सांगायला लागला.

जातं थांबलं.

"गणपा," आत्याबाई म्हणाल्या. "हात बघू."

त्यानं तळवे पुढं केले. कातडी पांढरी पडली होती आणि बघता बघता फुगत होती. त्यानं स्वतःच त्यांच्याकडं वाकून बघितलं, दुसऱ्या कुणाचे हात असल्यासारखं.

"आयला. कळलंच न्हाई की," तो म्हणाला.

मी धावत जाऊन गार पाणी आणलं. इंदूला हाक मारली. ती त्याला धरून घेऊन गेली, जाताना तो आमच्याकडं वळून हसला, ओशाळल्यासारखा.

"त्रिशला," आत्याबाई म्हणाल्या. "हे कशानं झालं?"

भरतेशनं दोर खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. बोलू नकोस, एवढंच त्या नजरेत होतं. मला त्याचा राग आला नाही. उद्याचा दिवस त्याच्या आईचा होता, तिनं जन्मभर वाट पाहिलेला, आणि तो दिवस त्याला वाचवायचा होता. मलाही वाचवायचा होता. पण त्या मला सरळ विचारत होत्या, आणि माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर त्यांनी दोन वर्षं विश्वास ठेवला होता.

"ते औषध," मी म्हटलं. "कोळसा आणि गंधकाचं. धागा होताना ते वाफ होऊन बाहेर पडतं. रोज ती वाफ नाकात गेली की हातापायांतली जाण जाते. डोळे जातात. डोकं फिरतं."

"तू म्हणालीस ते निघून जातंय."

"धाग्यातून निघून जातं, आत्याबाई."

"आणि जातंय कुठं?"

मी चुलीजवळच्या भिंतीकडं पाहिलं, मघाशी गणपा टेकून बसला होता तिथं.

"म्हंजे किडे वाचले, पण पाप कुठं चुकलं गं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "त्यांच्या जागी गणपाला घातला की आपण. आणि तिथं त्याला मीच धाडला."

"आई, तुला कुठं ठाऊक होतं?" भरतेश म्हणाला.

"व्हय. ठाऊक नव्हतं." त्यांनी जात्याचा खुंटा धरला. "आता ठाऊक झालं की."

आणि त्या परत दळायला लागल्या. मला वाटलं, निभावलं.

सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा अंगावर जुनं सुती पातळ होतं, धुवट. केशरी काठाची साडी दोरीवरही नव्हती. अंगण सारवलेलं, रांगोळीचा चौक भरलेला, आत स्वयंपाक झाकून ठेवलेला. आम्ही तिघं दारात उभे राहिलो, आत्याबाईंच्या हातात कलश, वर नारळ. गल्लीत इतर दारांतही माणसं उभी होती आणि आमच्या देवळातल्या बायकांच्या अंगावर त्याच त्या साड्या झळकत होत्या.

महाराज आले. एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसरा हात खांद्याशी, बोटं जुळवलेली. दारोदार "नमोस्तु, नमोस्तु" असा गजर. ते कुणाकडंच न बघता पुढं पुढं येत राहिले, आणि आमच्या दारासमोर थांबले.

भरतेशचा श्वास मला ऐकू आला. आत्याबाईंचा चेहरा असा उजळला की त्या मला क्षणभर अगदी लहान मुलीसारख्या दिसल्या. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ!" आवाज खणखणीत. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, हात जोडले.

"मन..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

आठवत नसेल असं समजून पलीकडच्या दारातून कुणीतरी हळूच पुढचं सांगितलं, "मनशुद्धी, आक्का."

आत्याबाईंनी मान हलवली. त्यांचे जोडलेले हात खाली आले. "न्हाई, महाराज," त्या म्हणाल्या. "मनशुद्धी न्हाई. माझ्यानं म्हणवत न्हाई."

आहाराला निघालेले महाराज बोलत नाहीत. त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. मग खांद्याचा हात सावरला, वळले आणि चालू लागले. पुढच्या गल्लीत उपाध्यांच्या दारात त्यांचा आहार झाला. तिथला जयजयकार आम्हाला आमच्या अंगणात ऐकू आला.

गावानं त्यांना बरंच काही म्हटलं. दारात आलेला पुण्याचा घडा लाथाडला, म्हाताऱ्या वयात भ्रम झाला, सुनेनं शिकवलं. पुढं चार-पाच वर्षांनी कामगारांनी संप केला तेव्हा कुठं ते पंखे चालू झाले. आत्याबाईंनी ते पाहिलं. महाराज मात्र त्यांच्या दारात पुन्हा कधीच थांबले नाहीत.

पण त्या सकाळी, जयजयकार विरल्यावर, त्या आत गेल्या आणि ताट वाढायला लागल्या. महाराजांसाठी केलेलं सगळं: भात, तूप, मुगाची आमटी, दुधी. मला वाटलं, त्या आम्हाला जेवायला बसवणार. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पाण्याचा तांब्या स्वतः घेतला आणि मागच्या दारानं निघाल्या. मी त्यांच्या मागं.

गणपा ओट्यावर बसला होता. दोन्ही हात फडक्यांत गुंडाळलेले, मांडीवर पडलेले. आम्हाला बघून तो धडपडत उभा राहायला लागला.

"आक्का, शिवू नका. तुमचं सोवळं हाय."

"बस," आत्याबाई म्हणाल्या. त्याच्यासमोर त्या उभ्याच राहिल्या. भात कालवला, घास केला. "तोंड उघड."

तो लाजला. बायको दारात उभी, शेजारी बघतायत, आणि एवढा बाप्या माणूस. पण पद्माक्कांपुढं त्याचं लहानपणापासून काही चाललं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. त्या भरवत राहिल्या, तो खात राहिला. भुकेला होता. मी ताट धरून उभी होते.

अर्धं ताट संपल्यावर तो म्हणाला, "आक्का, एक सांगू?"

"सांग की."

"भरतेशअण्णांना तेवढं सांगा, माझी जागा जाऊ देऊ नका म्हणावं. हात बरं झालं की लगेच कामावर येतोय. तुमच्यामुळं लागलोय मी तिथं. तुमचं उपकार हाईत, न्हाईतर लोहाराच्या पोराला कोण घेतंय?"

आत्याबाईंनी घास उचललेला होता. तो त्याच्या तोंडापर्यंत पोचेना. शितं त्याच्या छातीवर सांडली. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि त्यांचं मनगट धरलं. मग तो घास आम्ही दोघींनी मिळून त्याला भरवला.